मासे आणण्याआधीचे सहा आठवडे

रंगीत माशांच्या दुकानात रविवारी सकाळी थोडा वेळ उभं राहिलं, तर एक व्यवहार पुन्हा पुन्हा दिसतो. काचेची टाकी, निळी-गुलाबी खडी, झाकण उघडून बुडबुडे सोडणारी प्लास्टिकची खजिन्याची पेटी, एअर पंप आणि त्याच बिलात पिशवीतले चार गोल्डफिश. संध्याकाळपर्यंत टाकी दिवाणखान्यात लागते, पाणी नितळ असतं, घरातले सगळे खूश. चौथ्या-पाचव्या दिवशी एक मासा पाण्याच्या वरच्या थराशी येऊन धापा टाकू लागतो. दुसऱ्या आठवड्यात टाकी रिकामी होते. मग घरात निष्कर्ष निघतो, की आपल्याकडे मासे जगतच नाहीत, किंवा दुकानदारानं आजारी मासे गळ्यात मारले.

बहुतेक वेळा दोन्ही खरं नसतं. मासे मरतात ते टाकी नवी असल्यामुळे. धुऊन पुसून लख्ख केलेल्या टाकीत जी एक गोष्ट हवी, तीच नसते: माशांची घाण पचवणारे जिवाणू. ते आधी वाढवायचे, मासे नंतर आणायचे. या कामाला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, आणि ते आठवडे वाचवायचा जो प्रयत्न होतो त्याची किंमत मासे मोजतात.

हे सगळं घडतं कसं, ते आधी पाहू. मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकत असतो. विष्ठा, न खाल्लेलं खाणं, कुजलेली पानं यांच्यातूनही अमोनियाच तयार होतो. नदीत किंवा तळ्यात तो विरून जातो. पन्नास लिटरच्या काचेच्या पेटीत तो साठतो. अमोनियानं कल्ले सुजतात, श्वास अडतो. लिटरमागे एखादा मिलिग्रॅम, म्हणजे एक पीपीएमसुद्धा मासे आजारी पाडायला पुरतो. त्यातही एक मेख आहे. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो. एक रूप फारसं अपायकारक नाही, दुसरं जहाल आहे. कोणतं किती, हे मुख्यतः पाण्याच्या पीएचवर ठरतं. २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल, तर जहाल रूपाचा वाटा अर्ध्या टक्क्याच्या जरा वर असतो. पीएच ८ झाला की तो पाच टक्क्यांच्या पुढे जातो. म्हणजे एकाच मापाचा अमोनिया बोअरच्या जड पाण्यात दहापट घातक ठरू शकतो. शेजाऱ्याच्या टाकीत तग धरलेला मासा आपल्याकडे का मेला, याचं उत्तर कित्येकदा इथे असतं.

या अमोनियावर जगणारे जिवाणू आहेत. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. हे दोन टप्पे रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राडस्की यांनी १८९०च्या सुमारास मातीतल्या जिवाणूंवर काम करताना उलगडले. नायट्राइटही विषारीच. ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहून नेण्यास निकामी करतं, रक्त तपकिरी पडतं आणि मासा भरल्या पाण्यात गुदमरतो. नायट्रेट मात्र बरंच सौम्य. ते आठवड्याच्या पाणीबदलात काढता येतं आणि वनस्पती खातात. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट ही साखळी टाकीत चालू झाली, की हौशी लोक म्हणतात, टाकी सायकल झाली.

जुन्या पुस्तकांत दुसऱ्या टप्प्याचं श्रेय नायट्रोबॅक्टर नावाच्या जिवाणूला दिलेलं आढळतं. १९९८ साली टिमथी होव्हानेक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की गोड्या पाण्याच्या टाक्यांत हे काम नायट्रोस्पायरा करतो. २००५ साली अमेरिकेतल्या सिएटल शहराच्या मत्स्यालयातल्या एका टाकीच्या वाळूतून असा एक सूक्ष्मजीव वेगळा केला गेला, जो जिवाणू नव्हेच. तो आर्किया या स्वतंत्र कुळातला, आणि अमोनियावर जगणारा. २०१५मध्ये तर दोन्ही टप्पे एकटाच पार पाडणारा नायट्रोस्पायरा सापडला, आणि त्याचं एक ठिकाण म्हणजे मत्स्यपालनातला फिल्टर. थोडक्यात, आपल्या दिवाणखान्यातल्या स्पंजमध्ये नेमकं कोण राबतं याची यादी अजून पुरी झालेली नाही. आपल्याला त्यातलं एवढं पुरे, की हे सगळे जीव पृष्ठभागाला चिकटून राहतात, त्यांना प्राणवायू लागतो आणि ते फार सावकाश वाढतात. दुधात नासाडी करणारे जिवाणू अर्ध्या तासात दुप्पट होतात. यांना अनुकूल परिस्थितीतही अर्धा-एक दिवस, कधी त्याहून जास्त लागतो. सहा आठवड्यांचं मूळ कारण हे आहे.

आता प्रत्यक्ष टाकीकडे वळू. उदाहरणासाठी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी टाकी धरू. नवख्या माणसानं याहून लहान घेऊ नये. पाणी जितकं कमी, तितक्या चुका लवकर अंगाशी येतात. काचेच्या गोल बरणीबद्दल बोलायलाच नको. या मापात कागदावर ५४ लिटर पाणी बसतं. खडी, दगड आणि वर सोडलेली रिकामी जागा वजा केली की ४५ लिटर उरतं. काच, खडी, पाणी मिळून वजन सत्तर किलोच्या घरात जातं. टीव्हीच्या पोकळ कपाटावर हे ठेवायचं नाही. चौकटीशिवायची टाकी असेल तर तिच्या तळाखाली थर्मोकोलची किंवा फोमची पातळ शीट घालावी, म्हणजे एखादा बारीक खडासुद्धा काच तडकवणार नाही. थेट ऊन येणारी खिडकी टाळावी. शेवाळाचा त्रास आहेच, पण आपल्याकडे मे महिन्यात पाणी तापतं हे जास्त वाईट.

टाकी घरी आली की आधी बाल्कनीत किंवा मोरीत, खाली वर्तमानपत्र पसरून, काठोकाठ भरून एक दिवस ठेवा. कागद ओला झाला तर टाकी परत. काचा जोडलेल्या सिलिकॉनला आंबट वास येत असेल तर ते अजून पुरतं वाळलेलं नाही. घरी सांधा भरायची वेळ आलीच, तर बाथरूमसाठीचं बुरशीरोधक सिलिकॉन वापरू नका. बुरशी मारणारं रसायन माशांनाही सोडत नाही. आणि टाकी, खडी, बादली, यांतल्या कशालाही साबण लावायचा नाही. कोमट पाणी आणि मीठ पुरतं. या कामासाठी एक बादली कायमची वेगळी काढा आणि तिच्यावर तसं लिहून ठेवा, नाहीतर कामाच्या मावशी तिच्यात फिनेल ओततील. त्यात त्यांचा दोष नसतो.

खडी निवडताना रंगापेक्षा ती पाण्यात काय सोडते हे पाहावं. खडीवर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाका. फसफसलं तर तिच्यात चुना आहे. ती पाणी जड करत राहील. शंख-शिंपले आणि पोवळ्याचे तुकडेही तेच करतात, त्यामुळे गणपतीपुळ्याहून आणलेले शंख टाकीत शोभेला ठेवायचा मोह आवरावा. सह्याद्रीतला काळा बेसाल्ट, नदीतले गुळगुळीत गोटे चांगले. खडी धुताना पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा. हात दुखून येतात, पण दुसरा उपाय नाही. लाकडाचा ओंडका घालायचा असेल तर उकळून आणि काही दिवस भिजवून. त्यानं पाण्याला चहाचा रंग येतो, तो अपायकारक नाही. वनस्पतींसाठी मिळणारी तयार माती पहिले काही आठवडे स्वतःच भरपूर अमोनिया सोडते. रिकाम्या टाकीत हे सोयीचंच आहे, मासे असतील तर जीवघेणं.

पाण्यावर मात्र थोडं थांबायला हवं, कारण महाराष्ट्रात पाणी गावागणिक बदलतं. मुंबईला भातसा, वैतरणा, तानसा यांचं आणि पुण्याला खडकवासल्याचं पाणी येतं. काळ्या पाषाणावर साठलेलं हे पावसाचं पाणी मृदू असतं. सोलापूर, मराठवाडा, किंवा शहरांच्या कडेच्या सोसायट्यांत बोअरचं आणि टँकरचं पाणी येतं. ते जड, आणि पीएच बहुधा आठाकडे झुकलेला. दोन्हींत मासे पाळता येतात, फक्त कोणते ते वेगळं ठरतं. पाण्याशी भांडण्यापेक्षा पाण्याला मानवणारे मासे निवडावेत. जड पाण्यात गप्पी आणि मॉली सुखानं राहतात. मृदू पाणी बहुतेक टेट्रांना मानवतं.

नळाच्या पाण्यातला क्लोरीन आपल्याला जंतूंपासून वाचवतो आणि नेमक्या त्याच गुणामुळे टाकीतले जिवाणू मारतो. माशांचे कल्लेही जाळतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार नळाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला असावा लागतो. पावसाळ्यात गढूळ पाण्यामुळे बऱ्याच ठिकाणी मात्रा वाढते, नळ सोडला की वास येतो. उघड्या बादलीत चोवीस तास पाणी ठेवलं, शक्य तर एअर पंपाचा दगड सोडून, तर क्लोरीन उडून जातो. घाई असेल तेव्हा दुकानात ‘हायपो’ नावानं मिळणारे पांढरे खडे वापरतात. हे सोडियम थायोसल्फेट. पूर्वी फोटो धुणारे हेच वापरत. एक मिलिग्रॅम क्लोरीन मारायला सुमारे सात मिलिग्रॅम हायपो लागतो, म्हणजे आपल्या टाकीला चिमूटभरही जास्तच होतो. परदेशात, विशेषतः अमेरिकेत राहणाऱ्यांनी आपल्या शहरात क्लोरामाइन वापरतात का ते पाहून घ्यावं. ते एक दिवस ठेवल्यानं जात नाही, आणि हायपोनं फोडलं की त्यातून अमोनिया सुटतो. तिथे त्यासाठीचं खास द्रावण घ्यावं लागतं.

घरातल्या आरओ यंत्राचं पाणी शुद्ध असतं म्हणून तेच भरण्याची कल्पना अनेकांना सुचते. नुसतं आरओचं पाणी भरू नये. त्यात क्षार जवळजवळ नसतात, त्यामुळे पीएच धरून ठेवायला काही उरत नाही, आणि पुढे टाकीत कोळंबी ठेवायची असेल तर तिला कवच बांधायला कॅल्शियमही मिळत नाही. फार जड पाणी मृदू करायला ते मिसळायला, किंवा बाष्पीभवनानं कमी झालेलं पाणी भरून काढायला ते उत्तम. बाष्प होतं ते फक्त पाणी, क्षार मागेच राहतात.

फिल्टरच्या बाबतीत माझा कल उघड आहे: पहिल्या टाकीला साधा स्पंज फिल्टर. एअर पंपावर चालतो, स्वस्त आहे, आणि कोळंबीची पिल्लं त्यात ओढली जात नाहीत. फिल्टर म्हणजे कचरा गाळायचं यंत्र, हा समज सोडावा. स्पंजच्या असंख्य छिद्रांवर जिवाणूंची वस्ती होते आणि हवेच्या बुडबुड्यांनी त्यांच्याकडे सतत प्राणवायू येत राहतो, हे त्याचं खरं काम. म्हणून तो रात्री बंद करायचा नाही. वीज जाणाऱ्या गावांत बॅटरीवर किंवा पॉवरबँकेवर चालणारा छोटा एअर पंप घेऊन ठेवावा. एअर पंप टाकीतल्या पाण्याच्या पातळीच्या वर टांगावा, नाहीतर नळीत एकदिशा झडप बसवावी. वीज गेली की पाणी नळीतून उलटं फिरून पंपात आणि तिथून फरशीवर येतं. प्लगच्या दिशेनं जाणारी वायर आधी खाली लोंबू द्यावी, म्हणजे ओघळणारं पाणी तिथून ठिबकेल, प्लगमध्ये शिरणार नाही. टाकीत हात घालण्यापूर्वी हीटर बंद. हीटर पुण्या-नाशिकच्या थंडीत लागतो, लिटरमागे एक वॉट या हिशेबानं ५० वॉटचा पुरे. कोकणात आणि मुंबईत बहुतेक घरांत त्याचं काम पडत नाही.

टाकी भरली, फिल्टर चालू झाला, पाणी २६-२८ अंशांवर आहे. आता जिवाणूंना जेवण हवं. जेवण म्हणजे अमोनिया, आणि टाकीत मासा नसल्यानं तो आपण द्यायचा. सोपी रीत अशी, की रोज चिमूटभर माशांचं खाणं टाकून कुजू द्यायचं. चालतं, पण किती अमोनिया होतोय याचा अंदाज राहत नाही आणि वास येतो. मोजूनमापून करायचं असेल तर अमोनियम क्लोराइड घ्यावं. म्हणजे आपला नवसागर, कल्हईवाले भांड्यावर टाकतात तोच. पण बाजारातला कल्हईचा नवसागर टाकीत घालू नका, त्यात कोणते धातू मिसळले असतील सांगता येत नाही. प्रयोगशाळेला सामान विकणाऱ्या दुकानातली शुद्ध पावडर घ्या. घरगुती काट्यावर पाव ग्रॅम तोलता येत नाही, म्हणून दहा ग्रॅम पावडर एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून ठेवायची, बाटलीवर ठळक नाव घालून मुलांपासून दूर. या द्रावणाचे २८ मिलिलिटर ४५ लिटर पाण्यात घातले की अमोनिया साधारण २ पीपीएम होतो. तेवढा पुरे. जास्त घातला म्हणजे जिवाणू लवकर वाढतील असं नाही. फार झाला तर तेच दबतात.

थेंबांचा तपासणी संच या टप्प्यावर लागतोच. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच, एवढ्या चार तपासण्या. कागदी पट्ट्यांपेक्षा थेंबांचा संच महाग वाटतो, पण मेलेल्या माशांच्या हिशेबात तो स्वस्तच पडतो. नायट्रेटची दुसरी बाटली जोरजोरात हलवावी लागते, त्यातलं रसायन तळाशी बसतं. न हलवता केलेली चाचणी खोटा दिलासा देते.

पहिला आठवडा-दीड आठवडा काहीच घडत नाही. अमोनिया जिथल्या तिथे. बहुतेक लोक इथेच धीर सोडतात. याच सुमारास पाणी अचानक दुधी होतं, आणि घाबरून सगळं पाणी उपसलं जातं. तो ढग वेगळ्या, वेगानं वाढणाऱ्या जिवाणूंचा असतो. त्यांचं खाणं संपलं की आपोआप निवळतो. त्याला हात लावू नका. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात अमोनिया उतरू लागतो आणि नायट्राइट चढतं. चाचणीतला जांभळा-गुलाबी रंग गडद होत जातो आणि दिवसेंदिवस तसाच राहतो. दुसरा गट पहिल्याहून उशिरा जागा होतो. अमोनिया शून्याजवळ आला की पुन्हा २ पीपीएमपर्यंत भरायचा. नायट्राइट मोजपट्टीच्या बाहेर गेलं असेल तर अर्धं पाणी बदला आणि अमोनियाचा पुढचा डोस निम्मा करा. जिवाणू पाण्यात नाहीत, स्पंज आणि खडीवर आहेत, त्यामुळे पाणी बदलल्यानं ते वाहून जात नाहीत. नवं पाणी क्लोरीन उडवलेलं असावं, इतकंच.

मुंबई-पुण्याच्या मृदू पाण्यात या मधल्या काळात एक अडथळा येतो, आणि तो सहसा कोणी सांगत नाही. अमोनियाचं नायट्रेट होताना आम्ल तयार होतं. अमोनियातल्या दर मिलिग्रॅम नायट्रोजनामागे, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात, सात मिलिग्रॅम क्षारता खर्च होते. पाण्याची केएच, म्हणजे आम्ल झेलण्याची ताकद, दोन असेल तर २ पीपीएमचे तीन डोस पचेपर्यंत सगळा साठा संपतो. मग पीएच धाडकन सहाच्या खाली घसरतो आणि जिवाणू काम थांबवतात. चाचणी तीच ती आकडेवारी दाखवत राहते आणि माणसाला वाटतं, बाटलीतलं रसायन बिघडलं. अशा वेळी पीएच तपासावा. घसरला असेल तर अर्धा छोटा चमचा खायचा सोडा ४५ लिटरला घालावा. केएच सुमारे दोननं वाढते आणि गाडं पुढे सरकतं. हे मासे नसतानाच करायचं. पीएचमधली अशी उडी त्यांना सोसत नाही.

वेळ खरोखर कमी करणारा एकच भरवशाचा मार्ग आहे: ओळखीच्या माणसाच्या, निरोगी मासे असलेल्या जुन्या टाकीतला स्पंज. तो ओलाच आणून आपल्या फिल्टरशेजारी ठेवला, तर विरजण लावल्यासारखं काम होतं आणि सहा आठवड्यांचे दोन होऊ शकतात. दुकानातल्या टाकीतला स्पंज मात्र नको. तिथे रोज नवे मासे येतात आणि त्यांचे रोगही. बाटलीतल्या जिवाणूंचा अनुभव संमिश्र आहे. काहींत नायट्रोस्पायरा खरोखर जिवंत असतो, काही बाटल्या उन्हातल्या गोदामात पडून निकामी झालेल्या असतात. वापरायची तर तारीख पाहून वापरा, आणि बाटली ओतली म्हणून चाचणी सोडू नका.

झाडं याच काळात लावावीत. जावा फर्न, अनुबियास, व्हॅलिसनेरिया, हॉर्नवर्ट ही चिवट मंडळी. थेट अमोनियाही खातात. विकत आणलेल्या झाडांवर कधी कीटकनाशकाचा अंश असतो. माशांना तो दिसणारही नाही इतका कमी असतो, कोळंबीला तेवढाही पुरतो. म्हणून कोळंबी ठेवायची असेल तर झाडं आधीच आणून, काही दिवस वेगळ्या बादलीत पाणी बदलत ठेवून मगच लावा.

टाकी तयार झाली हे ओळखण्याची कसोटी सोपी आहे. २ पीपीएम अमोनिया घाला. चोवीस तासांनी अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट वाढलेलं दिसलं, तर झालं. खात्रीसाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करा. मग तीन-चतुर्थांश पाणी बदलून नायट्रेट २० पीपीएमच्या खाली आणा. यानंतर मासे दोन-चार दिवसांत आणायला हवेत, कारण जेवण तुटलं की जिवाणूंची वस्ती आटते. लगेच जमणार नसेल तर थोडा-थोडा अमोनिया देत राहा.

मासे एकदम सगळे आणू नयेत. दोन फुटी टाकीला आधी पाच-सहा लहान मासे, दोन आठवड्यांनी, चाचण्या स्वच्छ असतील तर आणखी. गोल्डफिश या टाकीचा मासा नाही. तो वीतभर वाढतो आणि तेवढीच घाण करतो. पिशवी टाकीत पंधरा-वीस मिनिटं तरंगत ठेवून तापमान जुळवा, थोडं थोडं टाकीचं पाणी पिशवीत घाला, आणि शेवटी जाळीनं मासा टाकीत सोडा. पिशवीतलं पाणी मोरीत. लांबून, तासन्‌तास प्रवास करून आलेल्या पिशवीत अमोनिया साठलेला असतो, पण माशांच्या उच्छ्वासानं पीएचही उतरलेला असतो, म्हणून तो सौम्य असतो. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया जहाल होतो. अशा माशांना उघड्या पिशवीत ताटकळत ठेवू नये.

कोळंबीसाठी अजून थांबायचं. साखळी पूर्ण झाल्यावरही महिना-दीड महिना. कोळंबी दिवसभर दगड, पानं, काच यांच्यावरचा बुळबुळीत थर खरवडून खाते; तो थर नव्या टाकीत नसतो. काचेवरून बोट फिरवल्यावर निसरडं लागू लागलं, पानांवर हिरवट-तपकिरी शेवाळ दिसू लागलं, की टाकी तिच्यासाठी तयार होत आलेली असते. सुरुवातीला चेरी श्रिंप घ्यावी. मूळची चीन-तैवानकडची, लाल रंग निवडक पैदाशीतून आलेला. पांढऱ्या-लाल पट्ट्यांची क्रिस्टल श्रिंप जपानमध्ये निवडीतून घडवलेली. तिला थंड, मृदू, आम्लधर्मी पाणी लागतं. आपल्या उन्हाळ्यात तिच्या वाटेला नवख्यानं जाऊ नये.

कोळंबी कात टाकते. नवं कवच बांधायला तिला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम लागतं, म्हणून चेरी श्रिंपसाठी पाण्याची एकूण कठिणता, म्हणजे जीएच, सहा ते दहाच्या दरम्यान हवी. पुण्या-मुंबईच्या पाण्यात ती कमी पडते. श्रिंपसाठी मिळणारे क्षार घालून वाढवावी. पाणी अचानक बदललं तर कात अवेळी सुटते आणि पाठीवर पांढरी कडी दिसून कोळंबी मरते. म्हणून तिला टाकीत सोडताना बारीक नळीला गाठ मारून, सेकंदाला एक-दोन थेंब या वेगानं टाकीचं पाणी तिच्या भांड्यात तास-दीड तास पडू द्यावं. पुढेही पाणी एका वेळी दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त बदलू नये. पाणी तीस अंशांच्या वर जाऊ लागलं तर टाकीवर छोटा पंखा लावा. बाष्पीभवनानं दोन-तीन अंश उतरतात.

आणि तांबं. तांब्याचा अंश कोळंबीला मारक आहे. माशांच्या बऱ्याच औषधांत तांबं असतं. तांब्याच्या हंड्यातलं पाणी आपल्याला चांगलं म्हणून टाकीत घालू नका. गॅस गीझरच्या नळीतून आलेलं गरम पाणीही नको, ती नळी तांब्याचीच असते. याहून मोठा धोका घरात रोज संध्याकाळी चालू होतो: डास पळवणाऱ्या कॉइल आणि द्रवातली पायरेथ्रॉइड जातीची रसायनं मासे आणि कोळंबी दोन्हींना विषारी आहेत, आणि एअर पंप खोलीतली हवा थेट पाण्यात ओढतो. टाकीच्या खोलीत ती लावू नयेत. घरात पेस्ट कंट्रोल करायचं असेल तर टाकी ओल्या चादरीनं झाकून एअर पंप दुसऱ्या खोलीत, लांब नळी लावून ठेवावा. कुत्र्याला गोचिडाचं औषध लावलेल्या हातानं टाकीत काम करू नये.

पहिला महिना आठवड्यातून दोनदा चाचणी, आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदल, टाकीत कोळंबी आली की त्याहून कमी. खाणं दिवसातून एकदाच, दोन मिनिटांत संपेल इतकं. स्पंज महिन्यातून एकदा पिळायचा, पण टाकीतूनच काढलेल्या पाण्यात. नळाखाली धुतला तर सहा आठवड्यांची वस्ती क्लोरीन धुऊन नेईल. या काळात एखादा मासा सुस्त दिसला तर दुकानातलं निळं औषध ओतायची घाई करू नका, त्यानं जिवाणूही मरू शकतात. आधी अमोनिया आणि नायट्राइट मोजा. दोन्हींपैकी काहीही दिसलं, तर त्याच वेळी तिसरा हिस्सा पाणी बदला, दोन दिवस खाणं बंद ठेवा आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा मोजा.